चंद्रावरच्या बाईची कहाणी

आमच्या सासूबाई कॉम्प्युटरसमोर बसायच्या त्या मुठीत कुंकवाचे तांदूळ घेऊन. कहाणी ऐकताना हातात अक्षता हव्यात आणि ती संपली की वाहायच्या, हा त्यांचा नेम. श्रावणातली कहाणी वेगळी आणि परदेशी व्हिडिओ गेम वेगळा, हे त्यांना पटवायला मी बरीच शक्ती घालवली. मी फार आधुनिक ना!

आधुनिक कसली! दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून नोएडातल्या नव्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा मी कॉम्प्युटर घेतला, हॉलमध्ये मधोमध मांडला आणि त्याला क्रोशाचं झाकण विणलं. हात लावण्याआधी चपला काढायचे. पाहुणे आले की झाकण उचलून दाखवायचे आणि परत घालायचे. चालवता येत नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

सासूबाईंना मात्र तिथे करमेना. सरोजिनी नगरात दारातून हाक मारली की बायका जमायच्या. इथे शेजारचे फ्लॅट रिकामे, चौकीदाराशी बोलून बोलून किती बोलणार? एका रविवारी त्यांनीच फर्मान काढलं, "सूनबाई, त्या डब्याचा घुंघट काढ. बघू आत काय आहे."

आत निघाला दुकानदाराने फुकट दिलेला एक गेम. एका घड्याळजीची बायको रुसून चंद्रावर गेलेली. तो तिला आणायला निघालेला, सोबत सल्ले देणारा बोकड. गेम भलताच कच्चा. घड्याळजी भिंतीतून आरपार जायचा. पडद्यावरचं मोडकंतोडकं इंग्रजी वाचून मी सासूबाईंना मराठीत सांगायचे.

"भांडण कशावरून झालं, ते विचार आधी."

"आई, तसं विचारायची सोय नाही यात."

"मग हे बनवणाऱ्याचं लग्न झालेलं नसणार."

मी तरी चुका काढत राहायचे. "बघा, बोकड हवेत लटकलाय!"

"चंद्रावर बाई चालते तुला, आणि बोकडाचं खटकतं?"

पुढे पुढे मीच ऑफिसातून आल्या आल्या कॉम्प्युटरकडे धावायला लागले. पर्स खांद्यावर, चपला पायात.

पण चंद्राच्या शिडीवर, शेवटच्या पायरीशी, गेम अडकायचा. घड्याळजीचा एक पाय हवेत, बायको दारात उभी, आणि सगळं ठप्प. कितीही वेळा लावा, तेच. सासूबाई तांदूळ परत वाटीत ठेवायच्या. "अर्ध्यात सोडू नये गं. ती बिचारी तिथेच एकटी राहील."

मग थोरल्या दिरांनी त्यांना कायमचं नागपूरला बोलावलं. निघायच्या दिवशी सामान दारात मांडून त्या म्हणाल्या, "ऑटो येईपर्यंत एकदा लाव." लावला. अडकला. खाली ऑटोचा हॉर्न वाजायला लागला आणि सासूबाईंची मूठ काही उघडेना. मला काय सुचलं कोण जाणे; त्या थिजलेल्या पडद्याकडे बघत मी वाचू लागले.

"आई, ती म्हणतेय..."

"तोंड तर उघडलं नाही तिनं!"

"सून आहे कुणाची तरी. मनातच बोलते."

त्या खुदकन हसल्या. "बरं. काय म्हणते?"

"म्हणते, इथे बोलायला कुणी नाही. गप्पा मारणार असशील तर येते."

"आणि तो?"

"तो म्हणतो, तू गेल्यावर मला तरी कोण आहे?"

सासूबाई पडद्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिल्या. मग "सुफळ संपूर्ण" म्हणून त्यांनी मूठ त्या डब्यावर उघडली, डोळे पुसले आणि जिना उतरल्या.

नागपूरहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "बोकड कसा आहे?" पुढे त्या तिथेच देवाघरी गेल्या.

त्यानंतर कधीतरी कॉम्प्युटर भंगारात दिला. कबाडीवाल्याने डबा उलटा केला, तर आतून लाल तांदूळ सांडले.

"आंटी, इसकी पूजा करते थे क्या?"

"अरे नहीं भैया. कहानी पूरी हुई थी."

क्रोशाचं झाकण मी त्यालाच देऊन टाकलं. तांदूळ मात्र वेचून घेतले. बोकडाला वाहायचे राहिले होते.