पाटे सोडून बाकीचं

जीपचे पाटे काढायचं ठरलं तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याचा समज व्हायचा की बायकोच्या काळजीने मी व्याकूळ झालो होतो. व्याकूळ व्हायला आत काहीतरी हलावं लागतं. दाढ काढल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसा मी सगळाच मला आपला वाटत नव्हतो.

जीप लष्कराने मोडीत काढलेली. वडिलांनी ती पन्नास सालच्या सुमारास बेळगावहून आणली. वालावलच्या आमच्या वाडीत तेव्हा दुसरं इंजीन म्हणजे भाताच्या गिरणीचं. एस.टी. तिठ्यापर्यंत यायची, पुढे आपले पाय. त्यामुळे जीप आमची कमी आणि गावाची जास्त. आंब्याच्या पेट्या, काजूची पोती, वऱ्हाड, आजारी माणूस. एकदा तर सत्यनारायणाला निघालेले भटजी आणि बाजारात निघालेला बोकड एकाच फेरीत गेले, आणि बोकडच जास्त शहाण्यासारखा बसला. कुणाला ‘नाही’ म्हणायची वडिलांना सवय नव्हती. ते गेल्यावर मलाही ती लागली नाही.

एवढं सगळं ओझं पेलायचे ते पाटे. पाटे म्हणजे चाकांपाशी बसवलेली, लोखंडाच्या बाक दिलेल्या पट्ट्यांची चवड. सगळ्यांत लांब पट्टी वर, तिच्याखाली आखूड, तिच्याखाली आणखी आखूड. त्यांचा बाक शाबूत असेल तोवर खड्डा गाडीला लागतो, माणसाला लागत नाही. ओझ्याने पाटे सरळ झाले की जीप आणि बैलगाडी सारखीच.

आदल्या वर्षी बायकोला कळा सुरू झाल्या म्हणून मी तिला जीपमधून वेंगुर्ल्याच्या इस्पितळात घेऊन निघालो होतो. उताराच्या वळणावर मागच्या चाकाचा मोठा पाटा मोडला आणि गाडी एका कुशीवर बसली. बैलगाडी मिळेपर्यंत दिवस कलला. बाळ मेलेलंच जन्मलं. मुलगा होता. डॉक्टर म्हणाले, ते आधीच गेलेलं होतं, गाडीचा काही संबंध नाही. मी मान हलवली. बायकोनेही हलवली.

त्यानंतर ती जीपमध्ये बसली नाही. तिने कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बाजाराला चालत जायची, माहेरी होडीने. मी जीप घेऊन समोरून आलो तर बांधावर चढून वाट द्यायची, परक्याच्या गाडीला देतात तशी. कुडाळच्या मिस्त्रीने कुठूनसा जुना पाटा आणून बसवला होता, त्यावर मी पेट्या वाहत राहिलो.

पुढे तिला पुन्हा दिवस गेले. डॉक्टरांनी बजावलं की या वेळी कळांची वाट पाहू नका, आधीच आणून ठेवा. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

“येतंय मी,” ती म्हणाली. “पण त्या गाडयेतसून नाय.”

“मगे कशातसून?”

“चलत.”

भरल्या दिवसांची बाई वेंगुर्ल्यापर्यंत चालत! आणि बैलगाडी म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. मी वाद घातला नाही. वाद घालायलाही जीव लागतो. त्याच मिस्त्रीला सांगावा धाडला.

आमच्या बाजूला गाडीच्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध होतं: पाटा वाढवा. जास्त पाटे म्हणजे जास्त ओझं, आणि गाडीही तेवढीच ताठ. गाडीत बसलेल्याची हाडं मोडली तर ती त्याची त्याने बघावी. मिस्त्रीने गाडीखाली डोकावून तेच सांगितलं.

“मागे एकेक पाटो वाढवूया.”

“एकेक काढूया,” मी म्हणालो. “आणि उरतले तेंका नवो बाक दिऊया.”

“काढूया? मगे पेटये काय डोक्यार घेवन जातलस?”

“पेटये बंद.”

“मगे गाडयेत घालतलस काय?”

मी घराकडे बोट केलं. ती पोटावर हात ठेवून पडवीत उभी होती. मिस्त्रीला आदल्या वर्षीचं सगळं ठाऊक होतं. त्याने तोंडातली तंबाखू माडाच्या बुंध्याशी थुंकली आणि नट खोलायचे पाने हातात घेतले.

घरापुढच्या खळ्यात चिऱ्यांचे थर रचून त्यावर जीप टेकवली. खाऱ्या वाऱ्याने बोल्ट इतके गंजले होते की रॉकेल पाजून पाजून कंटाळलो, शेवटी छिन्नीने तोडले. म्हातारपणी माणसाच्या कण्याला पोक येतं; पाटे सुटे करून मांडले तर त्यांचं उलटंच झालेलं, सगळे सरळसोट. लोहाराकडे नेऊन ते भट्टीत लाल केले आणि घणाने ठोकून पुन्हा वाकवले. घण मीही मारला. हाताला फोड आले, ते दिसले, दुखले नाहीत.

मग मध्ये ग्रीस भरत एकावर एक पाटे रचले, नव्या बोल्टांनी बांधले आणि जीप चाकांवर उतरवली. शेवटचे नट तेवढे मिस्त्रीने सैल ठेवले. गाडीवर माणसाचं वजन आल्याशिवाय ते आवळले तर पाटे आखडतात. तो गाडीखाली पाना धरून पडला आणि ओरडला, “कोणीतरी वर बसा रे! वजन होया!”

“आधी गाऱ्हाणा,” काका म्हणाले.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, घरात आता तेच मोठे. आणि गाऱ्हाणं म्हणजे देवाशी थेट, शेजारच्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलणं. एकाने मागायचं, बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला होकार भरायचा. काकांनी चाकाशी नारळ ठेवला, टोपी सारखी केली आणि सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या गाडयेक नवे पाटे घातलेले आसत.”

“व्हय म्हाराजा!” जमलेले शेजारी म्हणाले.

“तुझी लेकरां हीतसून जातली, येतली. तेंची राखण कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

माझे ओठ हलले, आवाज निघाला नाही. काकांनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि आवाज चढवला.

“ह्या गाडयेचा जा काय वाकडा आसात, ता सगळा सरळ कर रे म्हाराजा!”

“नाय म्हाराजा!” गाडीखालून आवाज आला.

गाऱ्हाण्याला ‘नाय’ कुणी म्हणत नाही. माझ्या जन्मात मी ऐकलं नव्हतं.  मिस्त्रीचं काळं तोंड चाकामागून बाहेर आलं.

“पाटे सरळ करू नको रे म्हाराजा! घण मारून मारून वाकडे केलेले आसत!”

 देवाला एकदा सांगितलेलं मागे कसं घ्यायचं? काकांनी डोळे मिटले, घसा खाकरला.

“पाटे सोडून बाकीचा जा काय वाकडा आसात, ता सरळ कर रे म्हाराजा!”

आता होकार कोण भरणार? शेजारी पोट धरून हसत होते. तेवढ्यात पडवीतून हसणं ऐकू आलं. वर्षभर त्या घरात ते ऐकलेलं नव्हतं, म्हणून मला ते ओळखायला वेळ लागला. बायका गाऱ्हाण्याला सहसा तोंड उघडत नाहीत. बायको म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

मग ती पदर सावरत खळ्यात उतरली, जीपच्या पायरीवर पाय ठेवला आणि वर बसली. जीप किंचित खाली गेली आणि हळूच सावरली.

“वजन होया ना?” ती मिस्त्रीला म्हणाली. “आवळ आता.”

वेंगुर्ल्याला जाताना त्या वळणावर मी गाडी जवळजवळ थांबवलीच. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, “चला.” तिचा हात गार होता. मला कळलं, ती घाबरलेली आहे. मला मात्र अजून काहीच होत नव्हतं आणि त्याची लाज वाटावी एवढंही होत नव्हतं.

तिला आत नेलं त्या दुपारी मी इस्पितळाच्या आवारात जीपखाली शिरलो. दुसरं काय करायचं ते येत नव्हतं. पाठीवर पडून एकेक पाटा हाताने चाचपत होतो. सगळ्यांचा बाक जागेवर होता. मग दोन पांढऱ्या चपला येऊन चाकापाशी थांबल्या.

“मुलगी झाली,” नर्स म्हणाली. “रडतेय चांगली. दोघी बऱ्या आहेत. बाहेर या.”

मला बाहेर येता येईना. हात पाट्याला धरलेले, ते सुटेनात, आणि घशातून इतका मोठा आवाज निघाला की नर्स दचकून मागे सरली.

“व्हय म्हाराजा!”

तिने वाकून गाडीखाली पाहिलं, मी कुणाशी बोलतोय म्हणून.