गोळीची रात्रपाळी

पप्पांचं हृदय कमजोर झालं आणि चाकणच्या कंपनीतलं त्यांचं काम सुटलं. आई मेसवर पोळ्या लाटायची, मी ताथवड्याला बी.फार्म शिकत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीपर्यंत पप्पा चारदा बसत यायचे. डॉक्टरांनी रक्तवाहिन्या सैल करणारी नायट्रेटची गोळी दिल्यावर दम लागणं कमी झालं, पण महिन्याभरात पुन्हा तेच.

एकदा वर्गात शिकवलं, की ही गोळी चोवीस तास पोटात जात राहिली तर शरीर तिला सरावतं आणि ती लागू पडत नाही. म्हणून रात्र मोकळी ठेवतात. मी धावत घरी आले.

"पप्पा, गोळ्या कधी घेता?"

"सकाळी आठ, रात्री आठ. बारा-बारा तासांची ड्यूटी लावलीय."

"अहो, कागदावर सकाळ-दुपार लिहिलंय!"

"मग रात्रभर मशिन बंद ठेवू? मी असला सुपरवायझर न्हाई!"

"तिला रात्री सुट्टी लागते, पप्पा!"

"मला मिळाली का कधी?"

आई तर हसून हसून खालीच बसली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तेच सांगितलं, तेव्हा कुठे पप्पांनी गोळीची रात्रपाळी बंद केली.

काही आठवड्यांनी ते जिना चढत होते. आई वरून ओरडली, "बसा हो जरा!"

"आज ब्रेक नाय!" म्हणत ते थेट दारात आले. मी पायऱ्यांवरच नाचले.

त्याच वर्षी मी पास झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि पप्पा तीन मजले न बसता चढतात.