बाद फलंदाजाचा कैवारी

मुलांनो, तुम्ही तिकडे कसोटी सामने बघता, म्हणून कळंब-परंडा एसटीत भेटलेल्या एका माणसाबद्दल लिहिते. नाव विचारायचे राहिले.

तो माझ्या शेजारी बसून मोबाइलवर समालोचन ऐकत होता. सकाळपासून टिच्चून खेळणारा फलंदाज षटक संपले असे समजून क्रीजबाहेर आला आणि यष्टिरक्षकाने स्टंप उडवले. पंचांनी बाद दिले. माझा शेजारी कपाळावर हात मारून उभाच राहिला.

"लई वंगाळ केलं! बेसावध माणसाला असं बाद करत्यात व्हय?"

मागच्या बाकावरचे धोतरवाले काका म्हणाले, "क्रीज सोडलं, गेला. नियम म्हंजी नियम."

"आन् माणुसकी कुठं गेली, काका?"

मला त्याचेच पटले. वाटेत ईट गावाला गाडी थांबली. गुडघा आखडला होता, म्हणून मी क्षणभर उतरले. परत येते तर तो माझ्या खिडकीशी सरकलेला आणि त्याच्या जागी नवा प्रवासी!

"अहो, ही माझी जागा!"

"रुमाल कुठं ठेवला हुता, आजी?" तो शांतपणे म्हणाला. "रुमाल न्हाय, तर जागा न्हाय."

परंडा अजून लांब होते. मागचे काका उठले. "त्याचं बरोबर हाय, ताई. तुम्ही हितं बसा," म्हणत ते दांडी धरून उभे राहिले.

तेव्हा माझ्या खिडकीतून मान वळवून तो साऱ्या गाडीला म्हणाला, "बघा, ह्याला म्हणत्यात माणुसकी!"

आणि तो अगदी मनापासून म्हणाला. तो धक्का अजून ओसरलेला नाही.