आमचा शाकाहारी भाकऱ्या

मला एक सांगा, तुमच्यापैकी कुणी कधी कडक भाकरी पाण्यात पाळलीय का?

हसू नका. मी पाळलीय. आणि तिच्यापायी अख्ख्या गल्लीसमोर माझी जी शोभा झाली, तीच सांगायला बसलेय. पण आधीच बजावते, चूक माझी निम्मीच होती. उरलेली निम्मी माशाची!

झालं असं, आमच्या ओंकारला पुण्यात नोकरी लागली. पोरानं जाताना कपडे नेले, लॅपटॉप नेला, आणि हॉलमधली पाच फुटी काचेची टाकी माझ्या गळ्यात घालून गेला. टाकीत त्याचा लाडका स्टिंगरे. म्हणजे कसा? आपली ज्वारीची कडक भाकरी डोळ्यांसमोर आणा. तीच गोलाई, तसेच भाजल्यासारखे ठिपके. तिच्या पाठीवर दोन डोळे चिकटवा, मागं शेपूट जोडा. झाला स्टिंगरे! दिवसभर वाळूत पसरलेला, नाहीतर कडा हलवत टाकीभर फिरणारा. आमच्या मिस्टरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव भाकऱ्या ठेवलं.

निघताना ओंकार दारात उभा राहून सांगत होता, "आई, त्याच्या शेपटीजवळ हात न्यायचा नाही, विषारी काटा असतो. टाकीत छोटे मासे सोडायचे नाहीत. आणि रोज कोळंबी द्यायची."

"काय द्यायची?"

"कोळंबी. नाहीतर गांडुळं. शेजारच्या अक्का आणून देतील, मी बोलून ठेवलंय."

माझ्या घरात? जिथं श्रावणात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, तिथं कोळंबी? आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्यातल्या बादल्याच्या बादल्या भाकऱ्याच्या टाकीत ओतायला मी तयार होते. पण कोळंबी नाही म्हणजे नाही! मी दोन लेकरं वाढवलीत, कारलं खायला लावून वाढवलीत. मग माशाला वळण लावता येणार नाही होय?

दुसऱ्या दिवसापासून मी कणकेच्या गोळ्या सुरू केल्या. चिमूटभर हळद घालून. एकटा जेवत नसेल, म्हणून माझे सात गोल्डफिशही बाउलमधून काढून त्याच्या सोबतीला सोडले. सकाळी गोळ्या टाकायच्या आणि स्वयंपाकाला पळायचं. तासाभरानं येऊन बघावं, तर एकही गोळी शिल्लक नाही, आणि भाकऱ्या वाळूत तृप्त होऊन पडलेला!

पंधरा दिवसांत तो चांगला रुंद झाला. गोल्डफिशही अंगानं भरले. मी ओंकारला फोन केला. "बघ, कणकेवर आहे तुझा वाघ!"

"आई, असं होतच नाही."

"पुण्यात होत नसेल. सोलापुरात होतं."

एकच गोष्ट खटकत होती. गोल्डफिश सातचे सहा झाले होते. मग पाच. मग चार.

"अगं, हाच गिळत असेल," मिस्टर पेपरामागून म्हणाले.

"हा? तोंड कुठं आहे त्याचं? खाली, पोटाला. डोळे कुठं? वर, पाठीवर. ज्याला स्वतःच्या तोंडापुढचं दिसत नाही, तो शिकार काय करणार?"

आहे का उत्तर? मिस्टरांचा पेपर आणखी वर गेला.

मग चोर कोण? माझ्या डोळ्यांसमोर एकच तोंड आलं. बंगारू! शेजारच्या अक्कांची मांजर. रोज दुपारी आमच्या खिडकीत बसून टाकीकडं टक लावून बघायची. गोरीपान, मिशाळ, अगदी साळसूद. अशीच असतात ती!

अक्का तेलुगू विणकरांच्या घरातल्या. बावीस वर्षांचा शेजार. पाणी आलं की त्या भिंतीवर थाप मारणार, मी मोटर लावणार. बावीस वर्षांत आमचं एक वाकडं वाक्य नाही. पण त्या दिवशी मी सरळ त्यांच्या दारात गेले.

"अक्का, तुमच्या बंगारूनं माझे तीन मासे खाल्ले."

"अय्यो! बंगारूनं? वहिनी, तिला पाण्याचा थेंब उडला तर ती दोन दिवस पलंगाखालनं निघत न्हाय. ती काय पोहायला येती व्हय?"

"मग मासे गेले कुठं?"

"तुमच्या त्या भाकरीला विचारा की!"

"तो शाकाहारी आहे!"

अक्कांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता त्या माझ्या कपाळाला हात लावून ताप बघतात. पण मी हटले नाही. म्हटलं, मांजरीची सोय करा, नाहीतर मला खिडकीला जाळी मारावी लागेल, आणि मग तुमचं-माझं बोलणंही त्या जाळीतूनच.

चौथ्या दिवशी अक्का बंगारूला टोपलीत घालून वळसंगला लेकीकडं सोडून आल्या. त्या आठवड्यात पाणी आलं, पण भिंतीवर थाप पडली नाही. आमची गच्चीवरची पाण्याची टाकी कोरडी राहिली. मी मनात म्हटलं, राहू दे! खरं बोलणाऱ्याला सोसावंच लागतं.

बंगारू गेली आणि चारचे तीन झाले. ते मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाच सांगतेय.

मग आला श्रावणातला शुक्रवार. हळदीकुंकवाला गल्लीतल्या सगळ्या बायका बोलावल्या. अक्काही आल्या, कारण सवाष्णीचं बोलावणं मोडायचं नसतं. पण दाराजवळच टेकल्या. मी दूध दिलं, फुटाणे दिले, आणि मग मला राहवेना. सगळ्यांना टाकीसमोर बसवलं.

"बघा हं, आता माझा भाकऱ्या कणीक खातो!"

मी गोळी टाकली. ती बुडाली. भाकऱ्या हलला. बायका पुढं सरकल्या. तो डौलात निघाला, गोळीवरून सरळ पुढं गेला, आणि तळाशी चरत असलेल्या एका गोल्डफिशवर अलगद जाऊन बसला.

"अगं बाई! हे काय?" देशमुख काकू म्हणाल्या.

"मिठी मारतोय," मी म्हटलं. "लई जीव आहे त्यांचा एकमेकांवर."

"वहिनी," दाराजवळून अक्कांचा आवाज आला, "मिठीतनं शेपूट बाहेर आलीय की ओ."

आली होती. नारिंगी शेपूट भाकऱ्याच्या कडेखालून दोनदा हलली आणि आत गेली. भाकऱ्या उठला. खाली नुसती वाळू. आणि माझी गोळी? उरलेल्या दोघांतला एक गोल्डफिश टुकटुक आला आणि ती पूर्ण खाऊन गेला.

अक्का उठून टाकीपाशी आल्या. "म्हणजे कणीक खातात ही सोनेरी, आणि यांना खातो तो. व्हय ना? तुम्ही त्याचीच ताटं भरीत होता की, वहिनी!"

बायका इतक्या हसल्या, की देशमुख काकूंच्या हातातलं दूध सांडलं. विचार करा! शाकाहाराची शपथ घेतलेल्या घरात मी दीड महिना त्याला मासे पोसून पोसून वाढत होते. तेही हळद लावून!

तरी मी मान खाली घातली नाही. म्हटलं, "एवढ्या बायका बघून तो बावरला. एरवी असं करत नाही."

जाताना अक्का चपला घालता घालता थांबल्या. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "बंगारू तिकडं नीट जेवत न्हाय म्हनं. लेकीचा फोन होता."

एवढंच. त्यावर बोलायला माझ्याकडं तोंडही नव्हतं, ना समोर, ना पोटाला.

उरलेले दोन गोल्डफिश मी त्याच संध्याकाळी परत बाउलमध्ये टाकले. आमचे मिस्टर मात्र शहाणे निघाले, त्यांनी पेपर खाली घेतलाच नाही. आणि मी आजही म्हणते, भाकऱ्याला आणखी महिनाभर मिळाला असता, तर तो कणकेवर आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वळसंगला जाऊन बंगारूला एसटीतून मांडीवर घेऊन आले, आणि वाटेत, श्रावण असूनही, मासळी बाजारातून अर्धा किलो कोळंबी घेतली: पाव किलो भाकऱ्याला, पाव किलो तिला.