शंकेचा ठिपका

रोज कामावर पोचले की मी आधी बांगड्या काढते. हिरव्या काचेच्या, दोन्ही हातांतल्या. माहेरी बावड्याला गेले होते तेव्हा तिथल्या कासाराकडून मुद्दाम एक माप मोठ्या भरून घेतल्या. कासार म्हणाला, "बाई, ह्या सैल हुतील. धुणं धुताना गळून पडतील." मी म्हणाले, "असू देत." मला सहज निघणाऱ्याच हव्या होत्या. काढलेल्या बांगड्या पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवायच्या आणि संध्याकाळी परत घालून काटेवाडीला घरी यायचं. सहा वर्षं घरात कुणाला पत्ता नव्हता.

हे मी मुलीच्या जुन्या जर्नलमध्ये लिहिते आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलची डावीकडची पानं आकृत्यांसाठी सोडलेली असतात, त्यातली बरीच कोरी राहिली. माझी शाळा चौथीत सुटली. पण चार माणसांत बोलण्यापेक्षा मला लिहिणं सोपं जातं.

बारामतीजवळ एक प्रयोगशाळा आहे. तिथं केळीची आणि उसाची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवतात. पहिलं वर्षभर मी बाहेर, जाळीच्या शेडमध्ये ट्रे भरायला होते. घरी सांगितलं होतं, रोपांवर जाते. पुढं तिथल्या मॅडमनी माझा हात बघितला आणि आत कटिंगला घेतलं. आत जायचं तर चपला बाहेर, बांगड्या बाहेर. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत हात धुवून वर स्पिरिट. मग लॅमिनारपुढं बसायचं. लॅमिनार म्हणजे काचेच्या पेटीसारखं टेबल, त्यातून गाळलेला स्वच्छ वारा सारखा अंगावर येतो. त्या वाऱ्यात चिमट्यानं कोंब उचलायचा, ब्लेडनं त्याचे भाग करायचे आणि दुसऱ्या बाटलीतल्या घट्ट खाद्यात एकेक उभा करायचा. जंतू आत गेला की आठवडाभरात बाटलीत बुरशी धरते. आम्ही म्हणतो, बाटली गेली.

आणि तिथं बोलायचं नाही. बोललं की तोंडातले जंतू बाटलीत जातात. सगळ्या बायकांना ह्याचाच जाच वाटायचा. मला वाटलं, देवानं माझ्यासाठीच जागा काढून ठेवली होती. जेवणाच्या सुट्टीत त्या मला चिडवायच्या, "हिला मास्क कशाला? हिचं त्वांड जन्मापासनं बंदच हाय."

माझी एक सवय होती. काम करताना हात चुकून उघड्या बाटलीवरून गेला, किंवा चिमटा कडेला लागला असं वाटलं, तर त्या बाटलीच्या झाकणावर मी पेनानं बारीक ठिपका द्यायची. म्हणजे तिच्यातून पुढचे कोंब कुणी कापू नयेत. बाकीच्या देत नव्हत्या. शेजारची म्हणायची, "आपली चूक आपुनच कशाला दाखवायची? गेली तर गेली, कुणाची ते कोण बघतंय?"

घरी मात्र मी आत काम करते हे सांगितलं नाही, ते ह्या बांगड्यांपायी. नवरा धडधाकट असताना मी रोज हात मोकळे करते, हे सासूबाईंना कोणत्या तोंडानं सांगणार? त्यांनी कधी खोदून विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ट्रे भरते, एवढंच सगळे समजून होते. मुलगीही.

मुलगी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झाली. आमच्या घरात एवढं शिकलेली पहिलीच. शेवटच्या वर्षाला असताना तिनं एक कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. आधी प्रयोगशाळेत नोकरी, दोन वर्षांचा अनुभव, मग मोठ्या कंपनीत तपासणी विभाग, त्यानंतर पीएच.डी. प्रत्येक ओळीपुढं एक चौकोन, झालं की खूण करायला. दोन वर्षं ती फिरली. औषधाच्या कंपन्या, पाणी तपासणारे, बिस्किटाचे कारखाने. पुण्याला तर किती वेळा. सगळीकडं एकच, अनुभव आहे का? पहिल्या चौकोनावरसुद्धा खूण झाली नाही.

एका रविवारी मी लसूण सोलत होते. ती कपाटापाशी गेली, तो कागद काढला, उलटा केला आणि फळीवर डब्यांखाली अंथरला.

"आई, बारामतीत कापडदुकानात जागा हाय. सोमवारपासून जाते."

"आन तुझं शिक्षण?"

"काल पुण्यात विचारलं, लॅमिनारवर स्वतःच्या हातानं किती काम केलंय? कॉलेजात एक लॅमिनार, आमी वीस जणी. मी पाठीमागं उभी राहून बघितलंय. खोटं बोलायला पायजे होतं. जमलं न्हाय."

ती एकेक डबा त्या कागदावर परत मांडायला लागली. एकदा ही दुकानात गेली की परत ह्या वाटेला येणार नाही, हे मला दिसलं.

मी म्हणाले, "मी करते."

"काय?"

"लॅमिनारवर. सहा वर्षं."

ती हसली. "आई, तू ट्रे भरतीस."

मग मी सगळं सांगितलं. कटिंग, स्पिरिट, ठिपका. शेवटी बांगड्यांचं सांगितलं, आणि तेवढ्यात दारात सूप घेऊन बसलेल्या सासूबाईंचे हात थांबले.

"रोज काढतीस?"

"व्हय, आत्याबाई."

"सहा वर्षं?"

"व्हय."

त्यांनी ओट्यावर चहा पीत बसलेल्या मालकांकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आन ह्याला काय झालं? उलट प्वाट सुटलंय."

मालक म्हणाले, "मला कशाला मधी घेता?"

पण सासूबाई तिथंच थांबल्या नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पोरगी दोन वर्षं दारोदार अनुभव हुडकत फिरली, आन तू डब्यात बांगड्या सांभाळत बसलीस." तो बोल लागला. खरा होता म्हणून लागला.

सोमवारी मुलगी दुकानात गेली नाही. बाजारातून चायना ग्रास आणलं. बाटलीतलं खाद्य ज्यानं घट्ट होतं ते हेच, हे मला माहीत नव्हतं. आम्ही ते साखरेच्या पाण्यात उकळून जामच्या बाटल्यांत ओतलं, कुकरमध्ये शिट्ट्या दिल्या, आणि परसातला पुदिना घेऊन बसलो. गॅसची शेगडी, एक चिमटा, एक ब्लेड.

"झाकण खाली ठेवायचं न्हाय. करंगळीत धरायचं."

"माहितीय मला."

"माहितीय तर ठेवलंस कशाला?"

का करायचं ते तिला येत होतं, कसं करायचं ते मला. सासूबाई म्हणाल्या, "लोणच्याची बरणी भरताना मी तोंडाला पदर बांधती, वला हात लावू देत न्हाय. तेच की हे." मुलगी म्हणाली, "आज्जी, तू पण मायक्रोबायोलॉजीच केलीस." घरातली हवा ती, पहिल्या आठवड्यात सगळ्या बाटल्या गेल्या, दुसऱ्यात निम्म्या. पण हात बसत चालला. आणि मी ठिपक्यावर सूट दिली नाही. शंका आली की ठिपका. आठ दिवसांनी आम्ही ताडून बघायचो, तिची शंका किती खरी निघाली ते.

महिनाभरानं प्रयोगशाळेच्या फळ्यावर कागद लागला. सुपरवायझर पाहिजे, एम.एस्सी., हाताचं काम यायला हवं. मी तीन दिवस मॅडमच्या दारापर्यंत जाऊन परत आले. चौथ्या दिवशी आत गेले.

"मॅडम, माझी मुलगी एम.एस्सी. हाय."

मॅडमनी चष्मा काढला. "सात वर्षांत कधी बोलला नाहीत."

"कुणी इचारलं न्हाय."

"पाठवा तिला."

मी तिथंच उभी राहिले. येताना गाडीत एकेक वाक्य मनात घोळवलं होतं. "मॅडम, तिला घ्या म्हणत न्हाय. परीक्षा घ्या. बाटल्यांवर नावं घालू नका, नंबर घाला. आन आठ दिवस बाटल्या ठेवाल त्या खोलीत मला पाठवू नका." एवढं सलग मी तिथं कधीच बोलले नव्हते.

पाच जणी आल्या. प्रत्येकीला दहा बाटल्या करायच्या होत्या. आठ दिवस ठेवून बघणार होते. संध्याकाळी मुलगी घरी आली. मी विचारलं, "झालं नीट?"

"नऊ नीट झाल्या. सातवीवरनं माझी बाही गेल्यागत वाटली. ठिपका दिला."

मी म्हणाले, "परीक्षेत कुणी ठिपका देतं व्हय? कदाचित ती बाटली चांगली राहिली असती."

ती म्हणाली, "तूच शिकवलंस ना?"

सहा वर्षं मी ठिपके दिले, पण ते माझ्या बाटल्यांवर. तिच्या भाकरीवर कधी दिला नव्हता. पुढचे आठ दिवस त्या बंद दारासमोरून जाताना मी मान खाली घालत होते. घरी सासूबाई रोज विचारायच्या, "बाटल्या कशा हायत?" जणू कुणी दवाखान्यात होतं.

नवव्या दिवशी मॅडमनी चहाच्या वेळी सगळ्या बाटल्या आमच्यापुढं टेबलावर मांडायला लावल्या. पाचही मुली उभ्या होत्या. एका नंबरच्या चार गेल्या होत्या, एकीच्या सहा, एकीच्या तीन. दोन नंबरांच्या नऊ-नऊ स्वच्छ होत्या, एकेक गेलेली. मॅडमनी त्या दोन गेलेल्या बाटल्या हातात घेतल्या. दोन्हींत कापसासारखी पांढरी बुरशी. एकीचं झाकण कोरं. दुसरीच्या झाकणावर निळा ठिपका.

"हा ठिपका कुणाचा?"

मुलगी म्हणाली, "माझा. बाही लागली होती."

"तुला पहिल्याच दिवशी माहीत होतं ही जाणार?"

"शंका होती."

मॅडमनी बाटली खाली ठेवली. "चुका सगळ्यांच्या होतात. पण कुठली बाटली जाणार हे आधी सांगणारी मला पाहिजे. हिच्या हाताखाली पुढची हजार रोपं बिघडणार नाहीत." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आणि हे शिकवलं कुणी, ते मी विचारत नाही."

शेजारची बाई माझ्या कमरेला कोपर मारून म्हणाली, "आता तरी त्वांड उघड." मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही. दोन्ही लपवायला मास्क नेमका गळ्यात होता.

त्या दिवशी मुलीनं डब्यांखालचा कागद काढला. तेलाचे डाग पडले होते, तसाच परत दाराला लावला. पहिल्या चौकोनात खूण केली. पीएच.डी.च्या ओळीवर डब्याचा गोल वळ उमटला आहे. ती म्हणते, तो असू दे. सासूबाईंनी कागदाला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, "पुढच्या येळी कासाराला खरं सांग. म्हणावं, सैलच भर, लेकीच्या हाफिसात जायचंय."

आता आम्ही दोघी एकाच गाडीनं जातो. दारापाशी ती घड्याळ काढते, मी बांगड्या, डबा एकच. आत तिला मॅडम म्हणायचं, असं मीच ठरवलं. पहिल्या आठवड्यात ती आमच्या रांगेतून फिरत माझ्या टेबलापाशी आली. माझ्या एका झाकणावर ठिपका होता. तिनं ती बाटली उचलली, वेगळ्या ट्रेत ठेवली आणि पुढं गेली. सगळ्यांनी बघितलं की ठिपका दिला म्हणून ओरडा बसत नाही.

दुपारनंतर शेजारचीनं माझ्याकडं हात पुढं केला. बोलायचं नसतं म्हणून नुसती खूण केली. मी समजले, आणि माझं पेन तिला दिलं.