राग्नाबाईंचा पांढरा तुरा

राग्ना हॉवलंड यांचे शायेन नदीकाठचे गवताचे कुरण माझ्या कुंपणाला लागून आहे. झालरीसारख्या पाकळ्यांचे दुर्मीळ पांढरे ऑर्किड त्याच्या सखल भागात अजून उगवते, हे आम्हां दोघांनाच ठाऊक होते. आणि त्या दोघांत एक जास्त आहे, असे बाईंचे मत होते.

संशयाला कारण होते. त्यांच्या बहिणीच्या कुरणातल्या याच फुलांचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले आणि आठवडाभरात कोणीतरी सारे कंद खणून नेले. तेव्हापासून चर्चमध्येही बाईंची नजर आधी माझ्या बुटांच्या तळाकडे जाई.

गेल्या जुलैत त्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

“मास्तर, फुलं दरवर्षी कमी होतायत. तुमचा कुत्रा इकडे फार घुटमळतो. मागोमाग धनीही येत असेल.”

“धन्याला वाकून खणता आलं असतं, तर बटाटे विकत आणले असते का?”

“मुद्दामच आणत असाल!”

मन निवळावे म्हणून संध्याकाळी मी रुबार्बच्या आंबट देठांचे गोड सारण भरून भाजलेला ‘पाय’ घेऊन गेलो. पहिला घास त्यांनी मला खायला लावला. सूर्य मावळला आणि आतल्या खोलीतून गोड सुगंध येऊ लागला.

“कसला वास हो?”

“साबणाचा.”

“साबण दिवस मावळल्यावरच दरवळतो वाटतं!”

बाई दार अडवून उभ्या राहिल्या; मग बाजूला झाल्या. आत, पडदे ओढलेल्या खोलीत, पाण्याच्या सुरईत दोन पांढरे तुरे होते.

“गवत कापायला माणसं यायच्या आधी मीच छाटते. दिसलंच नाही, तर नेतील काय? मुळं राहतात की जमिनीत.”

“दरवर्षी?”

“दरवर्षी. एकही ठेवत नाही.”

“मग बाई, बी कधी धरणार?”

त्या सुरईजवळ गेल्या. “म्हणजे चोर मीच,” असे हळूच म्हणाल्या आणि लगेच माझ्याकडे वळल्या. “हे तुम्ही आजवर का नाही बोललात?”

यंदा एकच तुरा आला. बाईंनी तो छाटला नाही. तिथे दलदल आहे, असे गवत कापणाऱ्यांना सांगितले. सांजवेळी त्यांनी दोन खुर्च्या मांडल्या: स्वतःची तुऱ्याकडे तोंड करून, माझी रस्त्याकडे. अंधारू लागले तसा पाठीमागे पंखांचा आवाज झाला.

“काय आलं?”

“मोठा पतंग. सोंड खुपसतोय.”

“पाहू का?”

“वळू नका, मास्तर. रस्ता बघा.”

सप्टेंबरात त्यांनी सांगितले की बोंड धरले आहे. दाखवले मात्र नाही.