महादूच्या घरातली पानबंदी

महादू तीन दिवस झोपून होता, आणि त्याची आई भागीआय माझ्या दवाखान्याच्या पायरीवर बसून होती.

"डाक्टर, पेज पितो नि परत आडवा. मेल्यागत निजलाय."

मी म्हटलं, निजू दे त्याला. तिला हा इलाज पसंत पडला नाही.

एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. महादू मुंबईच्या गोदीत खलाशी होता. तिथले काही पानवाले चोरून विड्यात चिमूटभर कोकेन घालत. जीभ बधिर होई, भूक आणि झोप पळून जाई, आणि खाणारा स्वतःला बंदराचा मालक समजे. महादू त्यात पुरता बुडाला, तेव्हा मामाने त्याला हंगामाच्या शेवटच्या बोटीने रत्नागिरीला आणून टाकलं. मामाचा एक शिडाचा मचवा होता. नारळी पौर्णिमेपर्यंत हा सुधारला तर सुकाणू त्याच्या हाती, नाहीतर दुसरा तांडेल ठेवणार, असं त्याने मला बजावून सांगितलं. महादूपाशी दुसरी नोकरी उरली नव्हती.

अफू हळूहळू कमी करावी लागते. कोकेन एकदम बंद करता येतं. रोगी आधी झोपतो, मग अधाशासारखा खातो. खरा त्रास त्यानंतर. कित्येक आठवडे मन उदास, चिडचिड, आणि त्या विड्याची ओढ. यावर औषध नव्हतं. मी कडू टॉनिकची बाटली दिली. डॉक्टर काहीतरी करतोय, असं घरच्यांना वाटावं एवढाच तिचा गुण. माझा भरवसा समुद्रावर होता. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे मुंबईचा माल बंद. महादूला जाळी दुरुस्त करायला बसवलं, आणि तो बरा दिसू लागला.

इथे मी चूक केली. भागीआयने विचारलं, जेवणावर साधा विडा देऊ का? मी म्हटलं, दे की, पचनाला बरा.

त्याच संध्याकाळी महादू मांडवीच्या धक्क्यावर भर पावसात उभा सापडला. बोट कधी येणार, असं लोकांना विचारत होता. बोट पावसाळ्यात येत नाही हे खलाशाला कुणी सांगायची गरज नव्हती. पण तोंडात पान आलं आणि बाकी सगळं त्याच्या डोक्यातून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी घरातलं पान बंद केलं. सगळ्यांचं.

"मी काय मुंबैला गेल्ती?" भागीआय म्हणाली. "पन्नास वर्सं पान खातंय मी."

पण तिने पानाची चंची शेजारणीकडे नेऊन ठेवली. पुढचे आठ दिवस ती महादूपेक्षा जास्त चिडचिड करत होती. महादूच तिची समजूत काढी, आणि त्याला त्याचा फायदा झाला असावा.

पौर्णिमा दोन दिवसांवर आली, तेव्हा गावातल्या व्यसननिषेध मंडळाला महादूचा सत्कार करण्याची हुक्की आली. अध्यक्ष एक रावसाहेब होते. ते सव्वा तास बोलले. महादूला मंडळाने वाचवलं, हे आम्हा सर्वांना तिथेच कळलं. मग हार, अत्तर, गुलाबपाणी झालं, आणि रीतीप्रमाणे चांदीच्या तबकातून रावसाहेबांनी महादूपुढे विडा धरला.

मी दुसऱ्या रांगेत अडकलो होतो. भरसभेत रावसाहेबांचा विडा नाकारणं म्हणजे त्यांचा अपमान. महादूने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली, पण तोवर विडा त्याच्या हातात होता. पहिल्या रांगेत मामा बसला होता. तो हाताकडेच बघत होता.

भागीआय उठली. तिने पोराच्या हातातला विडा घेतला आणि सरळ तोंडात घातला.

"रावसाब, ह्याच्या वाटचा मी खाल्ला," ती चघळत म्हणाली. "तुमचा मान ऱ्हायला."

महादू हसला. तो हसतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मामाही हसला, आणि सुकाणूचा प्रश्न तिथेच मिटला.

पुढे महादूने कित्येक वर्षं मचवा चालवला. पहिल्या दोन मुंबई खेपांना मामा त्याला चिकटून होता, तेही माझ्याच सांगण्यावरून. तेव्हापासून व्यसनी माणूस आला की लोक त्याला आदराने काय खायला देतात, ते मी आधी विचारतो. आणि सत्काराचं निमंत्रण आलं, की रोग्याला ताप असल्याचं कळवतो.